स्टेशन तीन चालू आहे

त्या दुपारी जेवण उरकलं आणि छपाईच्या कागदाचा खोका मी स्वतःच भांडारातून उचलून आणला. शिपायाला सांगता आलं असतं, पण मला धीर कुठला! आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर-खोलीतून त्या दिवशी पहिल्यांदाच कार्डांशिवाय गठ्ठा जाणार होता, आणि त्या गठ्ठ्यात रुग्ण एकच होता, माझा दादा.

नीट सांगते. मोठा कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हताच. तो दूरच्या शहरात, केंद्रात. आम्ही रुग्णाची माहिती जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून उतरवायची आणि कार्डं यंत्राला भरवायची. यंत्र ती टेलिफोनच्या तारेवरून केंद्राला वाचून दाखवायचं, आणि घटकाभरात उत्तर आमच्या प्रिंटरवर खडखडत यायचं. अशी डझनभर हॉस्पिटलं जोडलेली होती, प्रत्येकाला एक स्टेशन नंबर. आम्ही नऊ. किडनीची वाट बघणाऱ्यांची कार्डं आम्ही पाठवायचो. नुकत्याच गेलेल्या माणसांची, म्हणजे दात्यांची, स्टेशन तीन पाठवायचं. ते अपघातांचं हॉस्पिटल. मध्ये बसून केंद्र दोघांची जुळणी करायचं. स्टेशन तीन आगीत जळालं, त्याला सहा वर्षं झाली होती.

दादाच्या दोन्ही किडन्या निकामी. माझी जुळली नाही, वहिनीची जुळली नाही. डॉक्टरांनी फार तर महिना सांगितला होता. कार्डयंत्र तर दर दोन दिवसांनी आजारी पडायचं. म्हणून नवा छोटा कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर एक इंजिनिअर आला. त्याचं सॉफ्टवेअर कार्डयंत्राचं हुबेहूब सोंग घ्यायचं, म्हणून आम्ही त्याचं नाव ठेवलं बहुरूपी.

"केंद्रातल्या मोठ्याला वाटलं पाहिजे की समोर तेच जुनं यंत्र आहे," बहुरूपी म्हणाला. "संशय आला की मुसळ केरात."

"आणि आलाच तर?"

"नाही येणार हो ताई. सुरुवातीची ओळ मी तुमच्याच कपाटातल्या जुन्या कार्डावरून घेतलीय."

मी बटण दाबलं. तारेवर किंचाळल्यासारखा सूर उठला, मग खरखर, मग शांत. पडद्यावर उमटलं : कार्डं पोचली. मी टाळ्या वाजवल्या! बहुरूपीनं तर टेबलाभोवती एक गिरकीच घेतली.

कार्डांच्या काळात माझ्या हातून ती चूक झालीच नसती. प्रत्येक स्टेशनच्या पहिल्या कार्डाची कड रंगवलेली असे. आमची पिवळी, तीनची लाल. इतक्या वर्षांत नंबर मी कधी वाचलाच नव्हता, रंग बघायचे. पडद्यावर कसला रंग? आणि तीन जळालं तेव्हा त्यांची वाचलेली कार्डं आमच्याच कपाटात आली होती. बहुरूपीनं ओळ उचलली ती त्यातल्याच एकावरून.

प्रिंटर खडखडला. शाईच्या फितीचा उग्र वास आला. मी कागद जवळजवळ ओढूनच घेतला.

'स्टेशन तीन. दाता नोंदला. मृत्यू : आज चार चाळीस. जुळणारे रुग्ण : दोन.'

खाली दात्याच्या जागी दादाचा केसपेपर नंबर होता.

आमच्या कार्डावर ज्या जागी पुढच्या डायलिसिसची वेळ असते, त्याच जागी तीनच्या कार्डावर मृत्यूची वेळ असायची. दादाचं डायलिसिस चार चाळीसला होतं. घड्याळात अडीच वाजले होते.

"कागदावर मेला म्हणून माणूस मरतो का ताई?" बहुरूपी हसला. "ज्या स्टेशननं पाठवलं त्यालाच रद्द करता येतं. पुन्हा तीन म्हणून शिरू, काढून टाकू, मग नऊ म्हणून पाठवू. दोन मिनिटांचं काम."

तो शिरायला गेला. पडद्यावर आलं : 'स्टेशन तीन आधीच चालू आहे.'

त्याचं हसू मावळलं. एका नंबरावर एका वेळी एकच शिरू शकतं. मी केंद्राला फोन लावला. तिकडचा ऑपरेटर कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "तीन ना? चालू आहे की. रोजच असतं."

"रोज? अहो, ते जळालंय..."

"मला नंबर दिसतो बाई. कार्डं येतात, मी पुढे ढकलतो."

फोन ठेवते न ठेवते तोच वरून, दादाच्या वॉर्डातून फोन आला. वहिनी होती. "ताई, वर या... यांचा रक्तदाब एकदम उतरलाय. डॉक्टर धावतायत..."

पण मी वर गेले नाही. स्टेशनांना एकमेकांना निरोप पाठवता यायचा. मी नऊकडून तीनला निरोप टाकला : 'कार्ड चुकून आलं. परत द्या.'

भर दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं असताना, त्या खोलीत जळक्या कागदाचा वास पसरला. बहुरूपीलाही आला. तो खुर्चीसकट मागे सरकला.

प्रिंटर एकेक अक्षर टेकवत चालला.

'देतो. बदली कार्ड द्या. मोजणी जुळली पाहिजे.'

खरं आहे ते. गठ्ठ्याच्या शेवटच्या कार्डावर एकूण संख्या असते. एक काढलं तर एक घालावंच लागतं, नाहीतर केंद्र गठ्ठा घेत नाही. आमच्याच धंद्याचा नियम तो. कोण होतं तिकडे कोण जाणे, पण काम चोख करत होतं.

"ताई, नका..." बहुरूपी पुटपुटला. "वायर काढतो मी..."

"हात लावशील तर बघ!"

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात एक नाव आलं. वॉर्डातले एक म्हातारे आजोबा, विचारपूस करणारं कोणी नसलेले. मी त्यांच्या केसपेपरचे पहिले दोन आकडे टाइपसुद्धा केले. मग माझीच मला इतकी किळस आली की ते पुसले, आणि कार्ड तसंच पाठवलं. कार्डावरच्या ऐंशीच्या ऐंशी जागा रिकाम्या. कोरं.

मी प्रिंटरवर वाकून उभी राहिले. मग : 'मोजणी जुळली.' आणि पडद्यावरून तीन निघून गेलं. दादाचं कार्ड आम्ही लगेच नऊ म्हणून पाठवलं.

मी तीन मजले धावत चढले. दादा उठून बसला होता. "काय गं, भूत बघितल्यासारखी?" म्हणाला. मी त्याच्या गळ्यात पडून हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

त्याच सुमारास खाली अपघात विभागात एक माणूस आणला होता. कागदपत्र नाहीत, कपड्यांवर शिंप्याची खूणसुद्धा नाही. कोणी आणून सोडला तेही कुणाला सांगता येईना. चार चाळीसला तो गेला. वारस नाही म्हणून परवानगी वरिष्ठांनी दिली. किडनी दादाला जुळली, अशी जुळली की डॉक्टरही चकित झाले. त्या रात्री आमच्या घरात कोणी झोपलं नाही. नुसता आनंद!

चौथ्या दिवशी सिस्टरनं मला बाजूला घेतलं. ओळख पटवायला पोलिसांनी त्या माणसाच्या बोटांचे ठसे घेतले होते. शाई लावून कागदावर दाबली, तर दहाही बोटांचे नुसते काळे ठिपके. बोटांवर एकही रेषा नव्हती, तळहातावरही नव्हती.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. दादा ठणठणीत आहे, वहिनीशी रोज भांडतो. गेल्या महिन्यात त्याच्या ऑफिसात अंगठा टेकवून हजेरी घेणारं यंत्र बसवलं. ते त्याचा अंगठा घेत नाही. "काम करून झिजला असेल," म्हणतो. मी भिंग घेऊन बघितलं. उजव्या हाताची पाचही बोटं गुळगुळीत झाली आहेत, डाव्याची दोन. परवा पुन्हा बघायला गेले, तर त्यानं हात पाठीमागे लपवले.