पट्टी बसली का?

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मामा खोटं बोलला की त्याचे कान हलतात. हे सांगताना हलले नाहीत.

भर दुपार होती. घरामागची पत्र्याची शेड. आत मामाची म्हातारी गाडी.

मामी आयसीयूत होती. आत एकालाच सोडत, म्हणून तिथे मुलगी थांबली आणि मामाला तिने घरी पिटाळलं.

घरी काय करणार?

गाडीच्या मागच्या दाराची आतली पट्टी पाणी लागून फुगली होती. भयंकर वाजायची. "हे थांबेपर्यंत मी या डबड्यात बसायची नाही," मामीने शपथच घेतली होती.

"नीट करून तुला न्यायला येतो," मामा तिच्या कानात सांगून आला होता. तिने डोळे उघडले नव्हते.

त्याने नवा हार्डबोर्ड कापला. रेक्झिन चिकटवलं. मग एकेक क्लिप दाबत, सवयीने, दरवेळी विचारत राहिला...

"बसली का?"

एरवी मामी स्वयंपाकघरातून ओरडायची, "बसली! आता तुम्हीही बसा!"

आज घर गप्प होतं.

टक्. "बसली का?"

टक्. शेवटची क्लिप. "बसली का?"

"...बसले."

बसली नाही. बसले.

मामाने हळूच मान वळवली. मागची सीट रिकामी होती...

पण दबलेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगी रडत होती. "बाबा, आईचं हृदय थांबलंय... मला बाहेर काढलं..."

मामाने सीटकडे पाहिलं.

"उतर," तो म्हणाला.

काहीच हललं नाही.

"अगं उतर ना! पाया पडतो तुझ्या!"

मग त्याला शपथ आठवली. त्याने पट्टीत स्क्रू ड्रायव्हर खुपसला आणि ती उचकटली. क्लिपा तुटून उडाल्या. अर्धवट लोंबणाऱ्या पट्टीसकट तो दार आपटत सुटला. खड! खड! खड!

"ऐक! वाजतंय! काही सुधारलेलं नाही! मी बिनकामाचा माणूस आहे, उतर!"

शेजारी डोकावला. "काका, गाडीशी भांडताय?"

"बायकोशी," मामा रडत म्हणाला.

शेजारी समजूतदार. निघून गेला.

खड! खड!

आणि सीट... हळूहळू वर आली.

फोन अजून चालूच होता. "बाबा! बाबा, आई परत आली!"

मामी बरी झाली. न्यायला गेला तेव्हा मामाने स्वतः मागचं दार उघडून धरलं. पट्टी तशीच लोंबत होती.

मामी वाकली... थबकली.

"मी पुढे बसते."

"का गं? आवाजाचं होय?"

"नाही हो. मागे जागा कुठाय?"

मामाने आरशात पाहिलं नाही. अजून पाहत नाही.

ती पट्टी त्याने परत बसवली नाही. परवा तो मला सोडायला आला. मी पुढेच बसलो. रस्ताभर मागचं दार खडखडत होतं.

आणि मधेच... भर खड्ड्यांत... आवाज थांबला.

कुणीतरी आतून पट्टीवर हात दाबून धरावा तसा.