जुन्या वेबसाइटवरचा नंबर

"वॉकर मिळेल का?" दारातल्या माणसाने विचारलं.

"मिळेल. पेशंट कोण?" मी रजिस्टर उघडलं.

"पेशंट नाही. लोक मला फोन करून हे विचारतात. आत्तापर्यंत चौदा जण झाले. त्यांना काय सांगायचं, ते विचारायला आलोय."

मी मान वर केली. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि हसू आवरून धरलेला चेहरा...

आमची संस्था आजारी माणसांना खाटा, वॉकर, चाकांच्या खुर्च्या वापरायला देते. आम्ही जागा बदलली, फोन बदलला, नवी वेबसाइट केली. जुनी मात्र तशीच राहिली, आणि तिच्यावरचा नंबर आता या माणसाच्या चष्म्याच्या दुकानाचा होता.

"काढून टाका ना ती."

"पासवर्ड कोणाकडेच नाही. अध्यक्षांच्या भाच्याने केली होती. तो म्हणतो, सगळं कॉलेजच्या ईमेलवर होतं. कॉलेज संपलं, ईमेल बंद."

"म्हणजे आतून कडी, आणि आत कोणीच नाही."

मी हसले. ऑफिसात मी सहसा हसत नाही.

चौदा जणांची यादी त्याने नीट लिहून आणली होती — नाव, फोन, काय हवंय ते. एक बाई वडिलांसाठी दोन दिवस खाट शोधत होती. तिला मी तिथल्या तिथे फोन लावला.

नवा नंबर मी त्याला दिला. तो लोकांना सांगायचाही. तरी रोज दुपारी यादी घेऊन यायचा. कोणी सुटायला नको, असं त्याचं म्हणणं. यादी फोनवरही सांगता येते, हे मी सुचवलं नाही.

वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीने कळवलं — नोंद ज्यांच्या नावावर, त्यांची सही आणा. नोंद आमच्या निवृत्त सचिवांच्या नावावर होती. सगळे त्यांना बाई म्हणतात. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. त्याने का यायचं, हे दोघांनीही विचारलं नाही.

बाईंनी वेबसाइट बंद करण्याचा अर्ज डोळ्यांशी नेला, लांब धरला, खाली ठेवला. "वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

"मी वाचून दाखवते ना."

"दुसऱ्याने वाचलेल्यावर आजवर सही केली नाही. आता काय म्हणून करू?"

"बाई, हा चष्मा कधीचा?" त्याने विचारलं.

"तुझ्या वयाचा असेल."

दुसऱ्या दिवशी तो भिंगांची पेटी घेऊन आला. "हे बरं, की हे?" भिंगं बदलत तो हळू आवाजात विचारत होता. मी बघत राहिले. मी बघतेय, हे बाईंनी बघितलं.

"हा कोण गं तुझा?"

"कोणी नाही, बाई. चष्मेवाले आहेत."

"हं. मग कान कशाने लाल झालेत?"

तो खाली मान घालून भिंगं पेटीत ठेवत होता. फार सावकाश.

चष्मा गुरुवारी आला. बाईंनी अर्ज दोनदा वाचला, तारखेतली चूक काढली, मग सही केली. मी त्याच तासाला अर्ज पाठवला. सोमवारी वेबसाइट बंद होणार होती.

मला आनंद झाला. पण वेबसाइट नाही म्हणजे फोन नाहीत, फोन नाहीत म्हणजे यादी नाही, आणि यादी नाही म्हणजे... पुढचं मी मनातही म्हटलं नाही.

सोमवारी अकराला जुनी वेबसाइट उघडेना. तीनदा बघितलं. चपला अडकवल्या आणि जवळजवळ पळतच त्याचं दुकान गाठलं.

"गेली," मी धापा टाकत म्हटलं.

"वाटलंच. सकाळपासून फोन नाही." तो काउंटरची काच पुसत होता, पुसलेलीच पुन्हा. "एक सांगायचंय. बाईंचा चष्मा मंगळवारीच तयार होता."

"मग गुरुवारी का दिलात?"

"तेवढंच दोन दिवस जास्त... तुमच्याकडे येता आलं."

"आणि त्या दोन दिवसांत ज्यांनी तुम्हाला फोन केले, ते?"

"तिघं होते. तिघांनाही नंतर फोन करून विचारलं. वस्तू मिळाल्यात."

"तरी चूकच."

"चूकच."

इतक्या सरळ कबुलीवर रागवायचं कसं? मला जमलं नाही.

"यापुढे मला भेटायचं असेल तर कारणं काढायची नाहीत. सरळ विचारायचं."

"मग आज संध्याकाळी —"

"हो."

"अजून विचारलंच कुठे मी?"

"मग विचार लवकर. ऑफिस उघडं टाकून आलेय."

त्याचा पुसणारा हात थांबला. मी 'विचार' म्हटलं होतं, 'विचारा' नाही.

"येशील?" त्याने हळूच विचारलं.

"सहाला."

परत निघाले. दुकानापासून ऑफिस दोन वळणांवर आहे. मी चार वळणं पुढे गेले, मग लक्षात आलं.