आलहाइटची खुर्ची

एल्बे नदीच्या बांधाखालच्या त्या गावात मुलगी सासरी निघाली की तिचं नाव कोरलेली खुर्ची तिच्यासोबत जाते. गेशेकडे स्वतःची होतीच, शिवाय थोरली नात म्हणून आजीचीही आली होती. त्या खुर्चीच्या पाठीवर ‘आलहाइट’ कोरलेलं. गेशे ती मेणाच्या फडक्याने पुसत होती, तेवढ्यात धाकटी बहीण मेटे तान्ह्या पोरीला घेऊन दारात आली.

“ताई, रविवारी बाप्तिस्मा. धर्ममाता तूच. आणि नाव आजीचं ठेवतोय, आलहाइट.”

गेशेचा हात थांबला. “दुसरं नाव नाही का सुचलं गं तुला?”

“का? तुला कुठं लागतंय ते?” मेटे सहज बोलून गेली. तिचं सगळंच सहज व्हायचं. लग्न सहज, बाळंतपणही सहज.

दोन वर्षांपूर्वी गेशेला मुलगी झाली होती, ती मेलेलीच. बाप्तिस्मा नाही म्हणून नाव नाही. कबरस्तानाच्या कुंपणाकडेला तिला निनावी पुरलं. पण गेशेने मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं होतं. ते आता मेटेच्या पोरीला? गेशेच्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी पाद्रीबुवा खुशीत होते. “मूळ रूप आडेलहाइड, बरं का. आडेल म्हणजे थोर कुळ, हाइड म्हणजे स्वभाव. जुन्या जर्मन राण्यांचं नाव. सुताराने खुर्चीवर आपलं बोलीतलं कोरलं. मी शुद्ध लिहीन.”

“लिहा हो, पण पोर गारठतंय,” मेटेचा नवरा पुटपुटला.

तिथली रीत अशी की पाण्यापाशी धर्ममातेने नाव उच्चारायचं, एकदाच. जे उच्चारलं ते कायमचं.

“नाव काय?” पाद्रीबुवांनी विचारलं.

गेशेने हातातल्या पोरीकडे पाहिलं. गुबगुबीत, गुलाबी, जिवंत. “विबके,” ती म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर मेटेने तिला गाठलं. “जीभ घसरली म्हणून सांगू नकोस. माझं सुख तुझ्या डोळ्यांत खुपतं.”

“हो, खुपतं,” गेशे म्हणाली आणि चालू लागली.

घरी आल्यावर ती आजीच्या खुर्चीपुढे बसली. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने हाक मारली, “आलहाइट.”

सफरचंदांच्या माळ्यावरून कुणीतरी ओ दिली. बारीक आवाजात, झोपेतून उठल्यासारखी.

वर रिकामी खोकी आणि गवत, बाकी काही नाही.

मग एकदा खुर्चीच्या लव्हाळ्याच्या बैठकीत छोटासा खळगा दिसला. हात लावला तर ऊबदार. कधी चोखलेल्या चेरीच्या बिया तिथं पडलेल्या असत, कधी फरशीवर ओल्या मातीची इवली पावलं उमटत. गेशे ताकाची पेज वाटीत काढून खाली ठेवायची आणि वाटी रिकामी व्हायची.

“मांजर पाळलंस की काय?” नवरा हिनरिक म्हणाला.

“हो,” गेशे म्हणाली. ती हल्ली कामं करताना गुणगुणत असे. आता तिलाही कुणीतरी होतं, आणि ते मेटेला ठाऊक नव्हतं.

चेरीचा हंगाम संपला तेव्हा मेटे आपणहून आली. “जाऊ दे ताई. विबकेही गोडच नाव आहे.” बांध चढून दमलेली, ती सरळ आजीच्या खुर्चीत टेकली.

“तिथं नको. ऊठ.”

“टेकू दे की जरा.” मेटेने विबकेला मांडीवर घेऊन डोळे मिटले.

माळ्याचा जिना करकरला.

पावलं खाली येऊ लागली, एकेक पायरी चाचपत. गेशे गुडघ्यांवर बसली, हात पसरले.

“आलहाइट. ये, इकडे ये.”

पावलं तिच्याजवळ आली.

पुढे गेली.

मेटेने डोळे न उघडता विबकेला एका मांडीवर सरकवलं. दुसरी मांडी रिकामी केली, आणि तिथं हलकेच थोपटू लागली.

“किती जड झालीय गं ही,” ती पेंगत म्हणाली.

मेटे जायला निघाली तेव्हा खुर्ची गार पडली होती. गेशेने माळ्याकडे पाहून हाक मारली. ओ आली नाही.

ती धावत दारात आली. मेटे बांधावरून चालली होती. डाव्या हातावर विबके. उजवा हात खाली सोडलेला, बोटं कशाभोवती तरी मिटलेली.

“आलहाइट,” गेशे ओरडली.

मेटेने वळून पाहिलं नाही. तिचा उजवा हात मात्र जरासा मागे ओढला गेला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग पुन्हा तिच्याबरोबर पुढे गेला.