पांढरा ठिपका

बाबांची खोली आवरायला ती आली तीच मुळी तणतणत. बाबा जाऊन महिना झाला तरी दादाची चालढकल संपत नव्हती, आणि आज तो दारात उभा राहून काय ठेवायचं, काय टाकायचं ते बोटाने दाखवत होता. तिला हवी होती फक्त एक कॅसेट. गेलेल्या आईच्या गाण्याची तेवढीच खूण उरली होती.

कॅसेट डेक होता, ॲम्प्लिफायर होता, दोन उंच स्पीकर होते. डेक आणि ॲम्प्लिफायरच्या मधे बाबांनी स्वतः जोडलेली पत्र्याची डबी, तिच्यावर फिरवायचं एकच बटण. डबीला वीज लागत नसे. बाबा आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "ही आवाज वाढवत नाही. आलेला फक्त कमी करते."

घरातही त्यांनी जन्मभर तेच केलं. आईने सूर लावला की आतल्या खोलीतून "हळू" ऐकू यायचं. तिची कॅसेट लावली तरी बटण शून्याच्या जेमतेम पुढे, त्यांनी रंगवलेल्या पांढऱ्या ठिपक्यावर. शेवटी आई गाईनाशी झाली, मग बोलेनाशीही. मुलगी मात्र शाळेत शिकवायला लागली आणि बाबांच्या नाकावर टिच्चून शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत बोलू लागली.

आज एकदा तरी आई पूर्ण ऐकायची होती. तिने कॅसेट घातली आणि बटण पार उजवीकडे फिरवलं. आवाज बंद दाराआडून यावा तसा आला. तिने पाहिलं, तर बटण ठिपक्यावर.

"तू हात लावलास?"

"मी इथे दारात आहे," दादा म्हणाला. "सैल झालं असेल."

तिने पुन्हा फिरवलं आणि घट्ट धरून ठेवलं. बटण तिच्या चिमटीत डावीकडे वळलं. सावकाश, ठामपणे, वडीलधाऱ्याने हात बाजूला करावा तसं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यावरही सुटका नाही म्हणजे काय? तिने डबीतल्या सगळ्या वायरी उपटल्या आणि डेक थेट ॲम्प्लिफायरला जोडला.

"अगं, स्पीकर फाटतील."

"फाटू देत."

आई गायली. खिडकीच्या काचा थरथरल्या. हा आवाज तिने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्यात जोर होता, खट्याळपणा होता, एके ठिकाणी तर चक्क हसू होतं. तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला.

एक ओळ झाली. दुसरी अर्धी.

मग आवाज उतरू लागला.

डबी टेबलावर पडली होती. तिला एकही वायर नव्हती. बटण डावीकडे सरकत होतं.

तिने दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. "बाबा, पुरे," ती ओरडली. "गाऊ द्या तिला."

बटण थांबलं नाही.

ती पुन्हा ओरडली. शेवटच्या बाकासाठीचा आवाज लावून, इतकी वर्षं गिळलेलं सगळं ओरडली. मानेच्या शिरा ताणल्या, घसा सोलवटून निघाला. कॅसेट फिरत होती. खोली शांत होती.

दादा दोन पावलं आत आला आणि त्याने कानामागे हात धरला.

"काय पुटपुटतेस? जरा मोठ्याने बोल ना."

बटण ठिपक्यावर येऊन थांबलं होतं.