आमेन एक पट्टी खाली

हडपसरच्या गाडीतळापासून चार मिनिटांवर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांमागे, एक लूथरन चर्च आहे. जुनी माणसं त्याला देऊळच म्हणतात. कौलारू, बुटकं, मूठभर. रिक्षावाल्याला सांगून ते सापडत नाही, शेजारच्या बावीस मजली टॉवरचं नाव सांगावं लागतं. रविवारी नऊला उपासना, माणसं वीस, फार तर पंचवीस. लूथरन म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे कॅथलिकच ना?" आणि उत्तराला थांबत नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन पाद्र्यानं हे बांधलं आणि जाताना दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक पायपेटी आणि एक नियम. नियम असा, की प्रत्येक गीताचं शेवटचं कडवं पेटीशिवाय म्हणायचं. वाद्य थांबेल आणि माणसं उघड्या गळ्यानं देवापुढं उभी राहतील. नियम सुंदर आहे. अडचण एवढीच, की आधार सुटला की मंडळी उतरते. काळी दोनला सुरू झालेलं गीत शेवटच्या ओळीला लगतच्या खालच्या पट्टीवर, पांढरी दोनवर, येऊन बसतं, आणि उतरणाऱ्याला ते कळत नाही. त्यावर पेटीनं 'आमेन' धरायचं. ते मूळ सुरात धरलं तर सगळ्यांची अब्रू जाणार. म्हणून पेटीवर बसणाऱ्या साळव्यांच्या घरात तीन पिढ्या एक युक्ती चालत आली होती. आमेन एक पट्टी खाली. मंडळी खूश. आपण किती सुरात गातो.

तिसऱ्या पिढीची मंदाकिनी साळवे. एकोणसाठ वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. यंदा शताब्दी होती. स्मरणिकेत मंडळीचा आणि तिच्या संगीताचा इतिहास तिनं लिहायचा ठरला. कमिटीचे अध्यक्ष तिचेच थोरले भाऊ, सॅम्युएलदादा. सभागृहाला आजोबांचं, इम्मानुएल मास्तरांचं नाव द्यायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. मास्तर पहिले पेटीवादक, आणि गीत चौसष्टची चाल त्यांची. पुस्तकात तसं छापलंय. ती चाल ऐकून परक्या चर्चची माणसंही डोळे पुसतात.

जूनमध्ये दादांनी जुन्या इतिवृत्ताच्या वह्या तिच्या हवाली केल्या. त्यांच्यात आजोबांची स्वतःची एक वही निघाली. एकोणीसशे छत्तीसचं पान. चौसष्टचं अख्खं स्वरलेखन, आणि वर आजोबांच्या वळणदार अक्षरात: "बायडाबाईची चाल. मांजरीहून चालत येते. आज तीनदा म्हणवून घेतली."

मंदाकिनीनं अडतीस सालचं इतिवृत्त उघडलं. अक्षर तेच. "बायडाबाई, राहणार मांजरी, हिने उपासनेत उभे राहून गीत ६४ ची चाल आपली असल्याचे सांगितले. खोटे बोलल्याबद्दल नाव मंडळीतून काढले."

आणि पुन्हा आजोबांची वही, त्याच्या पुढचा रविवार: "मंडळी शेवटच्या कडव्यात उतरू लागली आहे. आमेन पांढरी दोनला धरावे."

उतरू लागली आहे. म्हणजे आधी उतरत नव्हती.

वही वाचली त्या आठवड्याच्या रविवारी तिनं नेहमीसारखं आमेन एक पट्टी खाली धरलं, आणि बशी फुटावी तसा आवाज झाला. माणसं वरच्या सुरात, पेटी खालच्या. पुढच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मंदाकिनीनं बोटाकडे पाहिलं. बोट जिथं हवं तिथंच होतं. मंडळी उतरली नव्हती.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

गणिताच्या बाईला नवल वाटत नाही, ती मोजायला बसते. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सरावाला सात जण आले. सूर दाखवणारं अॅप तिनं मोबाइलवर घेतलं आणि शेवटचं कडवं चालू असताना एकेकाजवळ जाऊन उभी राहिली. त्यांच्यातली पोटुशी अपेक्षा उतरत होती. तिचा नवरा एडविन तिच्याहून जास्त. सातही जण उतरत होते, काटा सांगत होता. मग ती वेदीपाशी गेली आणि सगळ्यांचा मिळून सूर घेतला. काटा काळी दोनवर, जागचा हलत नव्हता.

सात उतरणाऱ्यांची बेरीज न उतरणारी कशी येते, हे तिला कोणत्याच इयत्तेत शिकवलं नव्हतं.

"मावशी, मागून तुम्ही पण म्हणत होतात ना?" अपेक्षानं विचारलं.

"मी मोबाइल बघत होते."

"मग ते जाड आवाजातलं कोण? बाईमाणसाचं. मला वाटलं तुम्हीच."

"एसीची घरघर असेल," एडविन म्हणाला.

"आपल्याकडे एसी कुठाय?"

सगळे हसले. कोणीतरी चहाचं काढलं आणि विषय संपला.

मंदाकिनीनं इतिहास लिहिला. पान अकरावर तिनं साध्या शब्दांत घातलं, की चौसष्टची चाल मांजरीच्या बायडाबाईची आहे आणि खरं बोलल्याबद्दल तिला काढलं. कमिटीपुढं वाचून दाखवलं. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, चहा ढवळत राहिले. त्यांना मधुमेह होता, चहात साखर नव्हती.

"मंदाताई," ते म्हणाले, "इतिहास म्हणजे साक्ष. साक्षीनं मंडळीची उन्नती व्हावी."

"खरं बोलून होत नाही का?"

ते पुन्हा ढवळू लागले. दादा तिला व्हरांड्यात घेऊन गेले.

"शंभराव्या वर्षी आजोबांना चोर म्हणणार तू?"

"मी नाही. त्यांनीच लिहून ठेवलंय."

"गावानं आपल्याला विहिरीवरून हाकललं, मंदा. मान वर करायला तीन पिढ्या गेल्या."

"आणि मान जरा वर होताच आपण पहिलं कोणाला हाकललं? मांगवाड्यातल्या बाईला. ख्रिस्तात सगळे एक, हे आपण भिंतीवर रंगवलंय, दादा. बाकांवर रंग पुरला नाही."

"हळू बोल. आत लोक आहेत."

"तीही लोकांतलीच होती."

दादा अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तिचं आता उरलंय कोण? वाईट कोणाला वाटणार आहे?"

मंदाकिनी वह्या पिशवीत घालून घरी गेली. चार दिवसांनी कसबा पेठेतून छापखान्याचे दत्तप्रसाद यांचा फोन आला. बोळात गाडी जात नाही, ती चालत गेली. त्यांनी प्रूफ पुढे सरकवलं.

"पान अकरा बदललंय. तुमच्या बंधूंनी सांगितलं. सही मात्र तुमचीच लागते, लेखिका आपण आहात."

बायडाबाई नव्हती. तिच्या चार ओळींच्या जागी आजोबांचा फोटो मोठा करून बसवला होता, भिंतीतलं भोक बुजवावं तसा. खाली ओळ: "गीत ६४ चे चालकर्ते."

"चूक असेल तर आत्ताच बोला बाई," दत्तप्रसाद चष्मा पुसत म्हणाले. "एकदा छापलं की तिला चूक म्हणत नाहीत, इतिहास म्हणतात."

मंदाकिनीनं पेन उचललं. तिला वडील आठवले, मंडळीत रस्ता करून देणारी माणसं आठवली, पस्तीस वर्षांचं मंदाताई, मंदाताई आठवलं. हे सगळं एका मेलेल्या बाईसाठी घालवायचं? घरातली शांतता, मोठ्यांचा मान, योग्य वेळ... भित्र्या माणसाला शब्दांची टंचाई कधी पडत नाही. तिनं सही केली. चार सेकंद लागले.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मांडव, दोनशे पाहुणे, पाटीवरचा पडदा दादांनी ओढला, टाळ्या झाल्या. शेवटी गीत चौसष्ट. पहिली तीन कडवी पेटीवर झाली. मंदाकिनीनं हात उचलले, पाय थांबवले.

दोनशे तोंडं उघडली.

काहीच आलं नाही.

पंख्यांची फरफर ऐकू आली. टॉवरचा जनरेटर ऐकू आला. गाडीतळावरून बसचा हॉर्न आला. दोनशे माणसं एकदम श्वास घेतात तो आवाजसुद्धा आला.

ओठ मात्र हलत होते. शब्द न शब्द, वेळेवर. कोणीही थांबलं नाही.

तिला कळलं. प्रत्येकाला वाटत होतं, आपलाच गळा बसलाय. बाकीचे गातायत. कोणाला कळता कामा नये.

कडवं संपलं. सगळे आमेनची वाट बघत तिच्याकडे पाहू लागले.

कोणत्या पट्टीवर धरायचं?

तिनं काळी दोन दाबली. आमेन एकट्या पेटीनं म्हटलं.

"काय गायलीय मंडळी," दादांनी माइकवर सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. पुन्हा टाळ्या पडल्या.

त्यानंतर कोणी काही बोललं नाही. बोलता सगळ्यांना येत होतं. भाजीवाल्याशी हुज्जत घालता येत होती, फोनवर ओरडता येत होतं. मंदाकिनीनं घरी दार लावून सा लावून पाहिला. नुसता वारा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टॉर्च मारला आणि घसा उत्तम आहे म्हणाले. पाळकसाहेबांनी एक मोठा स्पीकर आणवला. कारण विचारलं कोणी नाही, सांगितलंही नाही. दुसऱ्याच कुठल्यातरी चर्चनं म्हटलेली गीतं तो रविवारी वाजवतो आणि मंडळी पुस्तकं धरून ओठ हलवते. नियमही मोडलेला नाही. शेवटच्या कडव्याला स्पीकर बंद करतात.

नोव्हेंबरात अपेक्षा-एडविनला मुलगी झाली. जानेवारीत बाप्तिस्मा ठरला. पेटीपाशी अपेक्षा बाळाला घेऊन आली, डोळ्यांखाली काळं, पण चेहरा खुललेला.

"इतकी शांत आहे ना मावशी. दवाखान्यात नर्सनं दोनदा उलटी धरली, तिला वाटलं श्वासच नाही. तेव्हापासून हूं नाही की चूं नाही. सासूबाई म्हणतात, अशी गुणी पोर घराण्यात झाली नाही."

मंदाकिनीनं पेटीचं झाकण उघडलं.

सकाळचं पाणी बर्फासारखं होतं. पाळकसाहेबांनी ओंजळ भरली आणि बाळाच्या टाळूवर सोडली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

बाळाचं अंग ताठ झालं. चेहरा लाल, मग जांभळा पडला. मुठी आवळल्या, तोंड पडजिभेपर्यंत उघडलं, आत जीभ थरथरत होती. डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत उतरलं.

देवळात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

"शहाणी लेक," पाळकसाहेब हसून मंडळीकडे वळले. "बघा, रडलीसुद्धा नाही."

मंडळीनं कौतुकानं माना डोलावल्या. एडविननं टॉवेल पुढे केला आणि तो बाळाचं डोकं हलक्या हातानं पुसू लागला. तिचं तोंड अजून उघडंच होतं.