नमुन्यातला नंबर

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, मला फरक पडत नाही. पण यात एक अक्षरही मी रचलेलं नाही. मागच्या नोव्हेंबरातला मंगळवार. नेरळचा माझा फ्लॅट. दुपारचे सव्वातीन.

हो, दुपार. भुतं रात्रीचीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांची मला कीव येते.

मी मिहीर. सॉफ्टवेअर कसं वापरायचं, त्याच्या माहितीपुस्तिका लिहायचो. तेव्हा वेबहुक जोडणाऱ्या एका टूलवर लिहीत होतो. वेबहुक म्हणजे साधी गोष्ट. इकडे काही घडलं की तिकडे आपोआप निरोप जातो. पोचला की समोरून पावती येते. नाही आली, तर निरोप पुन्हा जातो.

फरक एवढाच, की ही पुस्तिका माणसांसाठी नव्हती. एआय एजंट, म्हणजे माणसाची कामं परस्पर उरकणारे प्रोग्रॅम, ती वाचणार आणि जोडणी स्वतःच करणार होते.

आमच्या कामात एक नियम असतो. पुस्तिकेत नमुना म्हणून कुणा खऱ्या माणसाचा नंबर द्यायचा नाही. मला खोटा नंबर शोधत बसायचा कंटाळा आला. एक बंद पडलेला नंबर पाठ होता.

आसावरीचा. माझ्या बहिणीचा.

तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. अग्नी मीच दिला होता. नंबरासोबत नमुन्याचा निरोपही लागतो. ती हॉस्पिटलात असताना मी तिला केलेला शेवटचा मेसेज हातून आपसूक टाइप झाला...

"घरी ये. आई वाट बघतेय."

नंतर बदलू म्हटलं. राहून गेलं. माझ्यासारखा गाढव मीच.

माणूस नमुना वाचतो आणि तिथे आपला नंबर घालतो. त्या एजंटांपैकी काहींनी तो जसाच्या तसा उचलला.

मंगळवारी सहज टूलमधल्या नोंदी उघडल्या, तर तिच्या नंबरवर दोनशेच्या वर निरोप गेले होते. बंद नंबरवरून पावती यायलाच नको. पण आल्या होत्या. पावतीत नुसती वेळ असते, शब्द नसतात. शेवटच्या पावतीत मात्र एक शब्द होता...

"मिळालं."

कंपनीने नंबर दुसऱ्या कुणाला दिला असेल, म्हणून मी फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं पलीकडची बाई सांगत राहिली. नमुना मी तिथल्या तिथे काढून टाकला. उपयोग काय? जोडण्या होऊन बसल्या होत्या, कुठल्या कुठल्या लोकांच्या खात्यांत. त्या मला पुसता येत नव्हत्या.

चार वाजता आणखी एक पावती आली.

"निघाले."

आई खालापूरला एकटी राहायची. तिचं हृदय आधीच नाजूक. तीन वर्षांत कुठे ती जरा जेवायला, चार शब्द बोलायला लागली होती. तिला काही व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं. बाईक काढली आणि कर्जतमार्गे सुटलो.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

घराचं दार सताड उघडं होतं. शेजारच्या इंदूबाई त्यांच्या पायरीवर बसलेल्या. त्यांचा कुत्रा वाघ्या एरवी मला बघून गल्ली डोक्यावर घेतो. त्या दिवशी तो भिंतीला चिकटून बसला होता... गप्प. आई चार वाजल्यापासून कुणाशीतरी बोलतेय आणि घरात तर दुसरं कुणीच नाही, असं इंदूबाई म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी वाघ्याला जवळ ओढून घेतलं.

"गेलेल्या मानसाला ये म्हनू नये रं," त्या म्हणाल्या. "आली की एकटी नाय जात परत."

मी आत गेलो. आई स्वयंपाकघरात जेवायला बसली होती. समोर आणखी एक ताट. पाटावर कुणी नव्हतं. त्या ताटातला भात मात्र... अर्धा संपला होता.

आईला इतकी खुश मी तीन वर्षांत बघितली नव्हती. आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर नेरळला चल, म्हणून मी तिचा हात धरला. तिनं तो शांतपणे सोडवून घेतला. निरोपाबद्दल मी तिच्याजवळ अवाक्षर काढलं नव्हतं.

"तूच बोलावलंस ना तिला?" आई म्हणाली. "मग आता हाकलू नकोस."

रात्री मी आईच्या उशाशी बसून राहिलो. पहाटे कधीतरी डोळा लागला.

सकाळी आई उठली नाही. झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला होतो त्याचं काय?

टूलवाल्यांच्या हातापाया पडून मी त्या जोडण्या काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी नव्या दिसल्या. माझा नमुना किती यंत्रांनी वाचून ठेवलाय देव जाणे. त्यांना तो विसरायला कोण लावणार? मी नोकरी सोडली. पण माझं लॉगिन अजून कुणी बंद केलेलं नाही, आणि मलाही बघितल्याशिवाय राहवत नाही.

निरोप अजून जातात. तेच शब्द. घरी ये, आई वाट बघतेय.

फक्त आता एका निरोपाला...

दोन पावत्या येतात.