लाल डबा, हिरवा डबा

"भावासाठी पाहिजे का, मॅडम?"

गोंदियातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात पाय ठेवतानाच हे वाक्य कानावर पडलं आणि डिंपलचं डोकं फिरलं. काउंटरमागे दुकानाचा मेकॅनिक योगराज उभा होता, कानामागे स्क्रूड्रायव्हर खोचून. दिसायला बरा होता… त्याचाच जास्त राग आला.

"काऊन? पोरी गेम खेळत नाहीत का?"

"खेळतात… खेळतात ना," योगराज गडबडला.

वर्षभर आमगावच्या क्लासमध्ये गणित शिकवून डिंपलनं गेमसाठी लागणाऱ्या नव्या ग्राफिक्स कार्डाची तजवीज केली होती. रविवारी संध्याकाळी तिच्या टीमची ऑनलाइन फायनल होती. मागच्या सामन्यात जुनं कार्ड ऐनवेळी गोठलं आणि टीम जेमतेम वाचली. आता पुन्हा तसं झालं, तर तिच्या जागी दुसरी मुलगी येणार होती.

कंपन्या दोन. एकीचा डबा लाल, दुसरीचा हिरवा. डिंपल कट्टर लाल पक्षाची.

"लालमध्ये मेमरी जास्त आहे."

"हिरवं लाइट कमी खाते."

"बिल का तू भरून राहिला?"

तो हसला. गालातल्या गालात, खाली बघून. तिनं रागानंच कॉम्प्युटर दुकानात ठेवला, घरचा यूपीएस, फोन आणि पत्ता लिहून दिला, "फुलचूर. अन् लालच!" असं बजावून ती निघाली. रस्ताभर मात्र ते हसू काही डोक्यातून जाईना.

शनिवारी दुपारी ती आली, तर कॉम्प्युटर तयार होता. काचेतून आत पाहिलं… हिरवं!

"हे कोणाले विचारून लावलं?"

"ऐक ना… उन्हाळी धानाचे पंप संध्याकाळी सहाले सुरू झाले का तुमच्याकडं व्होल्टेज पडते. तुझ्या यूपीएसवर लाल तग नाही धरत. तुमच्या घरासमोरच्या चक्कीत तीन दिवस मीटर लावून पाहिलं मी." त्यानं आकड्यांचा कागद पुढे केला.

"तीन दिवस माझ्या दारासमोर उभा होता, अन् एक फोन नाही करता आला? कॉम्प्युटर माझा, फायनल माझी! तू कोण ठरवणारा?"

योगराजचा चेहरा पडला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मुकाट्यानं त्यानं हिरवं काढलं, लाल बसवलं आणि स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे ठेवला.

डिंपलनं कागद उचलला. सहाला दोनशे तीसऐवजी एकशे साठ व्होल्ट, सवासहाला एकशे पन्नास. गणिताच्या बाईला आकड्यांशी भांडता येईना. दात-ओठ खात तिनं स्वतःच लाल कार्ड काढलं आणि हिरवं बसवलं.

"आता हे मी ठरवलं. समजलं? पुढच्या वेळी पहिले विचारजो."

"पुढच्या वेळी…?" त्याचे डोळे चमकले. "मंग विचारतो. उद्या मॅच पाहाले येऊ?"

तिनं एक स्क्रू पिळला, मग दुसरा. राग अजून गेला नव्हता, आणि छातीत धडधडतही होतं.

"सहाच्या आत ये. बाबा घरीच राहतात, त्यायच्यासमोर बसा लागन."

"बसतो. अन् डिंपल… तू मले आवडतेस. हे बी न विचारताच बोलून गेलो."

"हे चालते," ती तणतणत म्हणाली, आणि स्क्रूड्रायव्हर स्वतःच्याच कानामागे खोचून, कॉम्प्युटर उचलून बाहेर पडली.